मी रोज एआय करतो

आधी हातातला चहा संपवा. खरंच सांगतोय. मागं एकदा हा किस्सा मी कंपनीच्या कँटीनमध्ये सांगायला घेतला, तर आमच्या शिफ्ट इनचार्जच्या नाकातून चहा आला आणि समोरच्याचा डबा वाया गेला. संपला? ठेवा कप खाली. आता ऐका, माणूस स्वतःच्या अंगठ्यानं, स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःची अब्रू कशी टाइप करतो ते!

मी प्रशांत. गाव खुटबाव. घरी फुलशेती, शेवंती आणि झेंडू. मी स्वतः कुरकुंभला एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत. पाहुण्यांना आई सांगते, "क्वालिटीत हाय." खरं काम काय? बाटलीचं झाकण नीट बसलंय का, हे बघायचं. बसलं असेल तर बाटली पुढं, नसेल तर बाजूला. आठ तास झाकणं बघितल्यावर माणसाच्या डोक्याचं झाकण उडतं की नाही, तुम्हीच सांगा!

मग ते उडलेलं झाकण मी ऑनलाइन मोकळं करायचो.

म्हणजे मतं द्यायचो हो. कशावर? कशावरही! चंद्रावर यान उतरायच्या आधी माझी कॉमेंट उतरलेली असायची. जगात कुठं युद्ध पेटलं की दोन्ही बाजूंच्या सेनापतींना पहिला सल्ला खुटबावातून जायचा. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी का फुटते, पृथ्वी का तापते, कांद्याचं काय करायला पाहिजे, सगळं मला माहीत. फक्त विचारायला कुणी येत नव्हतं, एवढीच अडचण. म्हणून मी न विचारता सांगायचो.

आणि मग आलं एआय.

अहो, माझ्यासारख्याला ही पर्वणीच! मोबाईलमध्ये घेतलं, दोन दिवस वापरलं आणि तिसऱ्या दिवशी मी त्यातला जाणकार. वापरायचो कशाला? मांजराला फेटा बांधलेलं चित्र काढायला. मित्रांच्या वाढदिवसाला चारोळ्या पाडायला. एकदा तर शिफ्ट बदलून मिळावी म्हणून अर्ज लिहून घेतला, तो इतका अलंकारिक निघाला की साहेबांनी विचारलं, "राजीनामा देतोयस का?"

तर आमचे थोरले मामा. आईचे भाऊ. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, आणि आता पूर्णवेळ व्हॉट्सॲपच्या सेवेत. त्यांना माझं भारी कौतुक. त्यांनी मला त्यांच्या मित्रांच्या एका ग्रुपवर घेतलं. ग्रुपचं नाव 'शुभ्र धारा'. मला वाटलं कवितांचा ग्रुप असेल.

एके दिवशी त्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली, एआयमुळं शेती बदलणार म्हणून. झालं! माझे अंगठे शिवशिवले. मी एका दमात लिहिलं:

"शेतकरी बांधवांनो, एआयला घाबरू नका! जो एआय करणार नाही तो मागं पडणार. मी स्वतः रोज करतो. घरी करतो, कंपनीत करतो, एसटीत बसल्या बसल्या करतो. वेळ लागत नाही, त्रास होत नाही. शंका असेल तर बिनधास्त विचारा."

ज्यांच्या गोठ्यात गाई आहेत, ते वाचक आत्ताच हसायला लागले असतील. हसू नका. जरा कळ काढा. बाकीच्यांना पण मजा घेऊ द्या.

पहिला रिप्लाय आला, "एसटीत?"

मी म्हटलं, "हो दादा. गर्दीत उभ्याउभ्यासुद्धा. एका हातानं जमतं."

"कंडक्टर काय बोलत न्हाई?"

"बोलतोय काय! त्यालाच करून दिलं एकदा."

मग बराच वेळ ग्रुप शांत. मला वाटलं, भारावून गेले. थोड्या वेळानं एकानं लिहिलं, "आमच्याकडं अजून नैसर्गिकच चालतं. त्येच बरं."

आता असल्या विचारांचा मला राग! मी लिहिलं, "दादा, नैसर्गिकवर किती दिवस विसंबणार? नैसर्गिकला मर्यादा असतात. थकतं ते. पुढचा काळ कृत्रिमचाच."

धडाधड अंगठे आले. टाळ्या आल्या. एकजण तर म्हणाला, "खरंय भाऊ. आता वळू कोण सांभाळतंय!" मला वाटलं, उपमा देतोय. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तसं. मी त्याला दोन टाळ्या आणि एक गुलाबाचं फूल पाठवलं.

आणि त्याच संध्याकाळी मामांचा फोन. आवाजात साखर!

"परशा, तुझा मेसेज वाचून एका पावण्यांचा फोन आल्ता. शिरूरकडचे. आप्पा म्हणत्यात त्यांना. म्हणले, ह्यो पोरगा कुणाचा? लगीन झालंय का?"

मी ताडकन उठून बसलो. तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या भागात पोराचं लग्न जमणं म्हणजे यान उतरवण्यापेक्षा अवघड. शेती आहे म्हटलं की मुलीकडचे म्हणतात, नको, उन्हातान्हात राबावं लागेल. कंपनीत आहे म्हटलं की विचारतात, परमनंट का? आणि माझी एक कॉमेंट वाचून चक्क मुलीचा बाप फोन करतो!

मामा पुढं म्हणाले, "आप्पा म्हणाले, पोरगं एआयमधलं आसंल तर दुसरं काय बघायचंच न्हाई. आम्हाला असाच जावई पायजे व्हता."

आईनं तेवढ्यात शेजारच्या मावशींना सांगूनसुद्धा टाकलं की परशा एआयमध्ये हाय. मावशींनी विचारलं, "ते कुठं आलं? चाकणला का?"

तर रविवारी आम्ही निघालो. मी, आई, मामा. मामांची गाडी. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरच्या अंगाला. गावाचं नाव विचारू नका. मी नवीन पांढरा शर्ट घातलेला, कडक इस्त्रीचा. रस्ताभर मी मामांना एआयचं भवितव्य समजावून सांगत होतो आणि मामा झोपू नयेत म्हणून आई त्यांना चिमटे काढत होती, कारण गाडी मामाच चालवत होते!

आता इथं जरा थांबतो आणि तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकतो. ती त्या दिवशी मला माहीत असती तर हा किस्सा झालाच नसता.

दूधवाल्यांच्या जगात एआय हा शब्द आजचा नाही. कृत्रिम बुद्धीला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हापासून तो तिथं आहे. गाय माजावर आली की वळू न आणता डॉक्टरला बोलवायचं. डॉक्टर मोटरसायकलवर टाकी घेऊन येणार, टाकीतून वीर्याची कांडी काढणार, खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवणार आणि गाय भरून जाणार. हल्ली कालवडच पाहिजे म्हटलं तर तशी कांडीसुद्धा मिळते. ह्याला म्हणतात कृत्रिम रेतन. इंग्रजीत त्याची दोन अक्षरं तीच. एआय!

आमच्या घरी फुलं. गाईशी संबंध फक्त दुधाच्या पिशवीपुरता. मला कुठून कळणार? आणि 'शुभ्र धारा' हा ग्रुप कवितांचा नव्हता, दूध उत्पादकांचा होता, हे तर मामांनीसुद्धा मला सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, नावावरूनच कळतंय की!

आता परत वाचा माझा मेसेज. एसटीत उभ्याउभ्या. एका हातानं. कंडक्टरला पण करून दिलं!

वाचलात? चला आता आप्पांच्या ओसरीवर.

"जयभीम, जयभीम! या, या!" आप्पा फाटकापर्यंत सामोरे आले. उंचपुरा माणूस, पांढऱ्या मिशा, हाताची पकड अशी की माझी बोटं एकमेकांना भेटली. घराच्या मागं लांबलचक गोठा, काळ्यापांढऱ्या गाईंनी भरलेला. मी म्हटलं, वा, काय सुंदर आहेत! बस. गाईंशी माझं नातं तिथंच संपलं.

पाणी झालं. आप्पा पुढं सरकून बसले.

"मग, एआय कवापासनं करताय?"

"दोनेक वर्षं होत आली."

"कोर्स कुठं केला?"

"कोर्स कसला आप्पा! यूट्यूबवर बघून शिकलो."

आप्पांच्या मिशा जराशा हलल्या. "बघून? नुसतं बघून?"

"सुरुवातीला भीती वाटायची. बिघडेल का काय! पण बिघडून बिघडून काय बिघडतं? नाही जमलं तर परत करायचं."

"व्हय, तेबी खरं. आमचा डॉक्टरबी परत परतच करतोय." आप्पांनी उसासा सोडला. "दिवसातनं किती व्हत्यात?"

"शिफ्ट असली की दहा-पंधरा. सुट्टीच्या दिवशी मोजदाद नाही."

"शिफ्ट करून दहा-पंधरा!" आप्पांनी आत हाक मारली, "आगं ऐकलंस का? उरक बघ पोराचा!"

काकू पदर सावरत बाहेर आल्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरी आल्यावर आंघोळ करता न्हवं?"

आता बघा, मुलगी बघायला गेल्यावर मुलाला पगार विचारतात, शिक्षण विचारतात, व्यसन विचारतात. आंघोळ? मी आईकडं बघितलं. आई माझ्या शर्टाकडं बघत होती.

"करतो की काकू. रोज करतो."

"मग हरकत न्हाई," म्हणून काकू समाधानानं बसल्या.

आप्पांचं आपलं चालूच. "देशी वापरता का फॉरेनचं?"

मी खूश! काय अभ्यास आहे माणसाचा! "फॉरेनचंच आप्पा. अमेरिकेचं. देशी पण आता येतंय, पण त्यात अजून तेवढा दम नाही."

"बराबर बोललात. आमचाबी त्योच अनुभव."

"आणि आता चायनाचं पण निघालंय. स्वस्तात."

"चायनाचं?" आप्पा उडालेच. "ह्यातबी चायनाचं?"

"आप्पा, चायना कशात नाही?"

आप्पांनी मान हलवली. बराच वेळ हलवली. मग आवाज खाली आणून, जरा लाजल्यासारखं करून म्हणाले, "एक इचारू का? आता म्हणं आपल्याला पायजे तेच व्हतं. खरं हाय का?"

"शंभर टक्के. आपण आधी नीट सांगायचं, तसंच निघतं."

"आन् न्हाई निघालं तर?"

"होतं असं कधीकधी. भलतंच बाहेर येतं. परवाच मी मांजर सांगितलं आणि कुत्रं निघालं!"

ओसरी गप्प.

म्हणजे किती गप्प? मागं गोठ्यात एक गाय रवंथ करत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. आप्पांचा हात मिशीपाशी थांबलेला. काकूंनी छातीला हात लावलेला.

मामांनी वेळ सांभाळली. "लय इनोदी हाय आमचा भाचा!"

"हां, हां, इनोद व्हय!" आप्पा सुटल्यासारखे हसले. काकू हसल्या. मीपण हसलो. कशाला हसलो? मला काय माहीत! सगळे हसतायत म्हटल्यावर आपण मागं का राहायचं?

पण दारात कुणीतरी हसलं नाही. चहाचा ट्रे घेऊन शीतल उभी होती. आप्पांची मुलगी. शिरूरला एका दुकानात हिशेबाचं काम बघते. तिनं माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. आणि ट्रे तसाच घेऊन आत परत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, लाजली.

थोड्या वेळानं रीतीप्रमाणं आम्हा दोघांना बोलायला म्हणून अंगणात लिंबाखाली खुर्च्या टाकून दिल्या. शीतलचे डोळे लालसर, ओढणीचं टोक मुठीत आवळलेलं.

"तुम्ही एआय नक्की कशावर करता?" तिनं विचारलं.

"मोबाईलवर. घरी लॅपटॉपपण आहे."

"अच्छा." तिनं ओढणी तोंडाला लावली. "आणि आप्पांना समजलं सगळं?"

"सगळं! मी तर थक्क झालो. आमच्या कंपनीतल्या इंजिनिअरांना हे प्रश्न सुचत नाहीत. फार हुशार आहेत तुमचे वडील."

"हो. फार," म्हणाली आणि तोंड फिरवून झाडाकडं बघत बसली. खांदे हलत होते. मी मनात म्हटलं, किती हळवी मुलगी! वडिलांचं कौतुक केलं तर डोळ्यांत पाणी आलं.

तिला तिथंच सांगता आलं असतं की नाही? आलं असतं! पुढं कधीतरी मी तिला विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "एवढी मजा आमच्या घरात बऱ्याच वर्षांत आली नव्हती."

तेवढ्यात गोठ्याकडून आप्पांच्या धाकट्या भावाची, म्हणजे शीतलच्या नानांची आरोळी आली. "दादा! मैना माजावर आलीय! सकाळधरनं वरडतीय!"

आप्पा उठलेच. "डॉक्टरला फोन लाव."

"लावला. त्यो लग्नाला गेलाय लांब. आज येत न्हाई म्हणतोय."

मैना म्हणजे आप्पांची लाडकी गाय. तीनदा भरली, तिन्हीदा उलटली. म्हणजे गाभण राहिलीच नाही. आता हा माज हुकला की परत तीन आठवडे थांबायचं. आप्पांचा चेहरा पडला. आणि मग, बरं का, तो चेहरा हळूहळू माझ्याकडं वळला. वळता वळता उजळत गेला.

"आरं, पण डॉक्टर कशाला पायजे? पावणं हायेतच की!"

"मी?"

"दिवसाला दहा-पंधरा करता. आमची एक केली तर काय हात झिजतोय व्हय?"

मी म्हटलं, चला, परीक्षा आली! माणसाला गाईविषयी काहीतरी अडचण आहे, एआयला विचारून सांगायचं. एवढंच ना? मी मोठ्या रुबाबात उठलो. "चला आप्पा. काढू काहीतरी मार्ग."

मागं शीतलनं "अहो..." म्हणून हाक मारली, पण मी थांबतोय होय!

गोठ्याशी पोचेपर्यंत आजूबाजूची दहा-बारा माणसं गोळा झालेली. होणारा जावई काम दाखवणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? मैना खरंच ओरडत होती. आणि मी, पांढराशुभ्र शर्ट, खिशात मोबाईल, तिच्यासमोर उभा. तोंडासमोर! हे लक्षात घ्या. लोकांना तिथंच शंका यायला पाहिजे होती.

आप्पा म्हणाले, "शर्ट काढता का? खराब व्हईल."

"नको नको. बाही वर घेतो." मला वाटलं, उकाड्याची काळजी करतायत. केवढी माया!

मी बाही दुमडली, मोबाईल काढला आणि वर धरून गोल फिरलो. "इथं रेंज येते का?"

"रेंज?" नाना म्हणाले.

"हां. रेंजशिवाय कसं करणार?"

मागं एक म्हातारेबाबा शेजारच्याला हळूच म्हणाले, "नवीन पद्धत दिसतीय. रेंजवरची."

रेंज मिळाली. मी एआय उघडलं. "बोला आप्पा. अडचण काय?"

"राहत न्हाई."

"कोण?"

"मैना. तीनदा झालं. राहतच न्हाई."

मला वाटलं, गाय गोठ्यात राहत नाही. दावं तोडून पळते! मी टाइप केलं, 'गाय गोठ्यात राहत नाही, उपाय सांगा.' दोन सेकंदांत उत्तर हजर. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं, बातम्या वाचतात तसं खणखणीत वाचलं:

"गाईला आपुलकीनं वागवा. तिच्याशी मायेनं बोला. तिला रोज थोडं मोकळं फिरवून आणा. ती काय सांगू पाहते, ते समजून घ्या."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "ती काय सांगतीय, ते सकाळधरनं समदी वाडी ऐकतीय! तुम्ही त्यो फोन ठिवा खिशात आन् मागच्या अंगाला या. येळ जातोय."

"मागच्या अंगाला?"

"मग फुडनं करता काय?"

नानांनी माझ्या हातात काहीतरी कोंबलं. बघतो तर प्लास्टिकचा हातमोजा. कंपनीत मी रोज हातमोजे घालतो, पण ते मनगटापर्यंत. हा उलगडत गेला, उलगडत गेला, तो खांद्यापर्यंत! मी विचारलं, "एवढा लांब? मोबाईलला?"

नानांनी मैनाची शेपटी बाजूला धरली. मी शेपटीकडं बघितलं. मोज्याकडं बघितलं. आप्पांनी मान हलवून "हं, चला" अशी खूण केली. परत शेपटीकडं बघितलं.

आणि माझी ट्यूब पेटली. लगेच नाही. जुन्या ट्यूबसारखी, आधी लुकलुकली. एसटीत उभ्याउभ्या... लुकलुक. एका हातानं... लुकलुक. आता वळू कोण सांभाळतंय... लुकलुक. कंडक्टरला पण करून...

लख्ख!

"आई गं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की मैना गप्प झाली. आणि माझी आई ओसरीवरून "काय झालं रं?" म्हणून धावत आली.

मागं शीतलचा बांध फुटला. ती पेंडीच्या पोत्यावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी गाळत हसत होती. बोलायचा प्रयत्न करायची, "आप्पा, ते..." की परत हसू. शेवटी कसंबसं म्हणाली, "आप्पा, त्यांचं एआय वेगळं! मोबाईलमधलं! कृत्रिम बुद्धी!"

आप्पांनी तो शब्द तोंडात घोळवला. "कृत्रिम... बुद्धी?"

"हो."

"म्हंजी ह्यांची सोताची न्हाई?"

संपलं! सगळा गोठा लोळायला लागला. म्हातारेबाबा गव्हाणीला धरून खाली बसले. काकू पदरात तोंड खुपसून. माझी सख्खी आई, जिच्या पोटी मी जन्म घेतला, ती मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. आणि मामा? मामा तेवढे गंभीर. म्हणाले, "मग चाकणला न्हाईस का तू?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. लग्न तर गेलंच. पण उद्या हा किस्सा कुरकुंभच्या गेटवर माझ्या आधी पोचणार!

शीतलनं मात्र डोळे पुसले, मोबाईल काढला आणि शेजारच्या गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला. बाई होत्या. अर्ध्या तासात स्कूटीवर टाकी बांधून हजर. पण आता पंचाईत! शेपूट कोण धरणार? नाना शेपूट धरायला जायचे, माझ्याकडं नजर जायची आणि हातातून शेपूट सुटायचं. दुसऱ्यानं धरलं, तोही फुटला. मैना वैतागून लाथा झाडायला लागली.

आप्पा माझ्यापाशी आले. हसू दाबून दाबून मिशा थरथरत होत्या. "पावणं, एवढं तरी कराल का?"

केलं. हसण्याच्या मनःस्थितीत नसलेला तिथं मी एकटाच होतो ना! दोन्ही हातांनी शेपूट घट्ट धरलं आणि डोळे मिटले. पुढच्या पाच मिनिटांत माझ्या पांढऱ्या शर्टाचं जे झालं ते मी सांगणार नाही. नुकताच चहा पिऊन बसलात तुम्ही.

डॉक्टरबाईंनी मोजा काढता काढता विचारलं, "हे कोण? नवीन दिसतायत."

आप्पा म्हणाले, "तेबी एआयवालेच हायेत."

परतताना मी आप्पांचा जुना सदरा घालून मागच्या सीटवर बसलो होतो. चौफुला येईपर्यंत सगळ्यांनी हसू दाबून धरलं. मग आई एकदम फिस्सकन हसली आणि खुटबावपर्यंत हसतच राहिली.

दोन दिवसांनी आप्पांचा मामांना फोन. मला वाटलं, नकार. तर निरोप असा: "पोरीला पोरगा पसंत हाय. म्हणती, ह्याच्यासंगं हसून तरी दिवस जातील. पर माझं मत मैना राहिल्यावर सांगतो. तीनदा उलटली, आता चौथ्यांदा शेपूट त्यांनी धरलं. बघू पायगुण."

ऐका! माझं लग्न एका गाईच्या पोटात अडकलं! लोक मुलीचा होकार आला का म्हणून वाट बघतात, मी रोज फोन करून विचारत होतो, "मैना कशी आहे? ओरडली तर नाही?" कंपनीतल्या पोरांना वाटलं, मुलीचं नाव मैना!

तीन आठवडे गेले. मैना ओरडली नाही. आणखी दोन महिने गेले. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि आप्पांचा थेट मला फोन आला, पहिल्यांदाच, "पावणं, राहिली! रविवार बघून तारीख धरू!"

मी सेक्शनमध्येच नाचलो. दोन बाटल्या झाकणाशिवाय पुढं गेल्या, त्या धावत जाऊन परत आणाव्या लागल्या.

विहारात लग्न झालं. थाटात झालं. पण माझा छळ तिथं संपला असं वाटलं तुम्हाला? अहो, त्या वाडीवर बोभाटा झाला की जावयाच्या हातात गुण आहे. तीनदा न राहिलेली गाय ह्यानं शेपूट धरलं आणि राहिली. आता मी सासुरवाडीला गेलो की चहाच्या आधी कुणीतरी दारात उभं. "जावईबापू, आमचीबी राहत न्हाई. डॉक्टर आल्यात. तुम्ही नुसतं शेपूट धरा." नाही म्हणायची सोय नाही. धरतो. आणि गंमत म्हणजे बऱ्याचशा राहतातसुद्धा! आता ह्याला मी काय करू?

परवा शीतलची शाळेतली मैत्रीण घरी आली होती, पुण्याहून. तिचा नवरा कुठल्याशा मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. ती आपल्या नवऱ्याचं सांगत होती, एआयमध्ये असतो, रात्रंदिवस काम, डोकं वर काढायला वेळ नाही. मग सहज शीतलला विचारलं, "आणि तुझे गं?"

मी आतल्या खोलीत कान टवकारले. म्हटलं, बघू, बायको नवऱ्याची अब्रू कशी राखते.

शीतल शांतपणे म्हणाली, "आमचे पण एआयमध्येच आहेत. फक्त ते शेपटाकडं असतात."